शेळीचं वजन आणि चिपमधली गाळणी

वाळूजच्या ज्या शेडमध्ये मी कामाला लागलो, तिथं वजनकाटे बनायचे. सहा महिने उमेदवारी, मग कायम. पाच महिने झाले आणि मालकांनी जिवंत जनावरं तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची ऑर्डर घेऊन ती माझ्या गळ्यात मारली. शेळी उभी राहील, आकडा दिसेल, एवढंच काम. शेळी उभी राहत नसते, हे मालकांना ठाऊक नव्हतं. मला चांगलं ठाऊक होतं, आमच्या घरी तीन पिढ्या शेळ्याच राखल्या. पण नोकरीपुढं तोंड कोण उघडतं!

शनिवारी गिऱ्हाईक काटा बघायला येणार होतं, त्याआधीच्या चाचणीसाठी शेंद्र्याकडच्या गावाहून वडिलांना बोलावलं. आबा टेम्पोतून तीन शेळ्या घेऊन आले. आल्याआल्या म्हणाले, "हे जमलं तर ठीक. नाय जमलं तर सोमवारी घरी ये. शेळ्या तुझ्यासाठीच राखल्यात."

ते नामांतराचे दिवस. दुसऱ्या दिवशी शहर बंद, टेम्पो मिळेना, म्हणून आबा आणि शेळ्या दोन दिवस शेडमध्येच राहिले. जवळपास राहणारे कामगार तेवढे येत. विद्यापीठाच्या नावावरून त्यांच्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांशी धड बोलत नव्हते, पण शेळ्यांना पाला दोन्हीकडून येत होता.

काट्याच्या चिपमध्ये डिजिटल फिल्टर होता, म्हणजे आकड्यांची गाळणी. चिप सेकंदाला कितीतरी वेळा वजन मोजते, आणि गाळणी त्याची सरासरी काढून एकच आकडा दाखवते. ती जलद, मध्यम किंवा संथ ठेवता यायची. जलद ठेवली तर शेळीनं मान झटकली तरी आकडा उड्या मारे. एकोणीस, सव्वीस, अकरा!

"शेळी येक, अन् वजनं किती?" आबा म्हणाले.

संथ ठेवली तर आकडा इतका सावकाश चढे, की तो वीसवर पोचेस्तोवर शेळी खाली उतरून मालकांच्या टेबलावरचं चिपचं माहितीपत्रक खात असायची. काटा रिकामा, वजन वीस किलो. मध्यम गाळणीत दोन्ही खोडी गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

मी रडकुंडीला आलो. शेवटी विचारलं, "आबा, तुम्ही हातानं वजन कसं सांगता?"

त्यांनी पोटाखाली हात घालून शेळी उचलली. "उचलली की आधी हिसके मारती. ते धरायचेच नाईत. मग गप होती. दोन-चार श्वास तोलायचे अन् मग बोलायचं. तुझं येडं यंत्र निस्तं हिसकेच मोजतंय."

इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो. मी जलद गाळणी लावली, पहिल्या तीन सेकंदांची मापं फेकून दिली, पुढच्या चार सेकंदांची सरासरी घेतली आणि आकडा तिथंच थांबवला.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, शेळ्यांचा मोठा व्यापारी. शेळी चढली, नाचली, आकडा थांबला. एकवीस किलो दोनशे. व्यापारी पक्का होता, त्यानं तीच शेळी पुन्हा चढवली. वीस किलो नऊशे!

"हे कमी कसं काय झालं?" त्यानं डोळे वटारले.

आबांनी शांतपणे जमिनीवरच्या ओल्या डागाकडं बोट दाखवलं. "बाकीचं तिथं हाय, शेट."

सगळी शेड हसली, एकमेकांशी न बोलणारेसुद्धा. मालकांनी तिथंच मला कायम केल्याचं जाहीर केलं.

मी आनंदानं आबांकडं वळलो. ते व्यापाऱ्याला म्हणत होते, "या तिन्ही घेऊन जाता का? तोलून घ्या, काटा पोरानंच केलाय."

"आबा, विकता कशाला?"

"मग आता कुणासाठी ठेवू?" ते हसतच म्हणाले.

व्यापाऱ्यानं एकेक शेळी काट्यावर चढवली. आकडा थांबायला सात सेकंद लागायचे. ते मला सरता सरेनात.