हरणासाठी स्वस्तातली रायफल

युट्रेख्टहून ब्रेडाला जाताना ट्रेनमध्ये माझ्यासमोर सत्तरीच्या एक डच आजी बसल्या होत्या. मांडीवर रायफलींचा कॅटलॉग. शिकारीच्या परवान्याची परीक्षा त्या तिसऱ्या खेपेला पास झाल्या होत्या आणि हरणासाठी पहिली रायफल घ्यायला निघाल्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलं, मग तिकीट तपासनिसालाही.

"बोल्ट ॲक्शनच घेणार," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय?" मी विचारलं. मी आयटीवाला, जत्रेत माझ्याकडून कधी फुगासुद्धा फुटला नाही.

त्यांनी लगेच छत्री खांद्याला लावली, हवेतलाच बोल्टचा दांडा उचलून मागे ओढला, पुढे ढकलून खाली दाबला आणि तोंडाने "खट्‌ खटाक!" केलं. "प्रत्येक गोळी अशी हाताने भरायची!" सगळा डबा हसला. त्याही खुदुखुदु हसल्या.

"रायफल सेकंडहँड चालेल, तिच्यावरची दुर्बीण मात्र चांगली हवी."

"पण हरीण समोर आल्यावर गोळी झाडाल?"

त्यांनी कॅटलॉग मिटला. "तेच तर ठाऊक नाही. म्हणून स्वस्तातली घेतेय!" आणि पुन्हा हसत सुटल्या.

ब्रेडाला त्या जवळजवळ उड्या मारतच उतरल्या. पुढे काय झालं, मला कळलं नाही. पण स्वतःबद्दल खात्री नसतानाही इतक्या आनंदाने निघालेलं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.