प्रल्हादची तयारी

दुकानात दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ सकाळी झाडता येते. किस्से मात्र मागच्या फळीवर जाऊन बसतात, आणि नको त्या वेळी खाली येतात!

शिरपूरच्या बसस्टँडजवळ माझं हार्डवेअरचं दुकान. समोर प्रल्हादचं भांड्यांचं, बाजूला रमेशचं साड्यांचं. शटर उघडण्याआधी तिघांचा चहा ठरलेला. मी सातवी पास. धंद्याचं बाकी शिक्षण त्या चहावरच झालं.

*

रमेशचा कॉन्फिडन्स जबरदस्त. दुकान नवीन, कपाटं अर्धी रिकामी, पण गिऱ्हाईक दिसलं की, "या, सगळं भेटते!"

एकदा लग्नाचा बस्ता बांधायला अकरा माणसं आली. त्यांच्यातल्या आजीबाईंना हवी होती नऊवारी. रमेशकडे एकही नव्हती.

"दोन मिनिटं बसा," म्हणाला आणि मोटरसायकलवर थेट मालेगावला! दीड तासानं परत आला, तेव्हा दहा माणसं दुसरीकडे निघून गेली होती. एकट्या आजीबाई गादीवर पाय पसरून बसल्या होत्या.

"काबे, हे दुकान हाये का बसची वाट पाहाची जागा?"

प्रल्हाद समोरून ओरडला, "रमेश, तोंडातला स्टॉक फुल्ल हाये तुया. आता कपाट भर!"

*

प्रल्हादचं उलट. तो बोलायचा कमी, पण माणूस दुकानात येण्याआधी त्याची तयारी झालेली असायची. चहा पिताना मला सहज विचारायचा, "या हप्त्यात घराले कलर कोनं नेला?" मी आपला सांगायचो.

किन्हीराजा गावचे एक पाटील त्याच्याकडे आले. मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी भावकीलाही सांगितलं नव्हतं. प्रल्हादनं नमस्कार केला आणि आंदणाचा पितळी गुंड, परात, कळशी समोर मांडली.

पाटील चाट! "तुमाले कोनं सांगतलं?"

"घर पिवळं केलं न तुमी. पावसाळ्याच्या तोंडावर लोक पत्रे नेतात पाटील, कलर नाही नेत!"

*

मग प्रल्हादचं पोट दुखायला लागलं. अकोल्याला तपासण्या झाल्या. परत आल्यावर दोन दिवस चहाला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, अर्धा कप प्यायला.

"डॉक्टर काय म्हनते?" रमेशनं विचारलं.

"तारीख नाही देल्ली. सीझन सांगतला."

चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा आवाज करत राहिला.

*

त्याच दिवसापासून प्रल्हादनं बायकोला, वनितावहिनींना, गादीवर बसवलं. वहिनी अठरा वर्षं त्या दुकानात मागच्या बाजूला पितळ घासत आल्या. गिऱ्हाईक दिसलं की आत जायच्या. फोन वाजला तरी तो प्रल्हादच्या हातात द्यायच्या.

आता दुपारी दुकान रिकामं झालं की प्रल्हाद खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर जायचा आणि गिऱ्हाईक होऊन आत यायचा.

"ओ बाई, हा दुधाचा गंज दुसऱ्या दुकानात सस्ता हाये!"

"मंग तिकडूनच घ्या न."

आम्ही समोरून हसलो. प्रल्हाद हसला नाही. पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला. वहिनी रडकुंडीला आल्या. "न्या बापा, तुमाले परवडते तसा न्या."

"मी गेल्यावर गावभर फुकट वाटशीन काय?"

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं आणि आधीच चकचकीत असलेली कळशी घासायला घेतली. प्रल्हादनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्यापुढे धरला. मग म्हणाला, "बरं, चुकलं माह्यं. आता तू गिऱ्हाईक हो."

*

उन्हाळा लागला. एका दुपारी हातगाडीवर तीन पोती माझ्या दारात आली. प्रत्येक पोत्यावर नावाची चिठ्ठी. गाडीमागे प्रल्हाद, काठी टेकत.

"हे आंदनाचे तीन सेट तुयाकडं राहू दे."

"काहून?"

"तीन लग्नं हायेत. मधातच माह्या घरी सुतक पडलं, त या भांड्याइले कोनी हात लावन काय? पोरींचं आंदन अडते लेका."

मी म्हणालो, "जागा नाही." जागा होती. पण ती दिली म्हणजे बाकीचंही कबूल करावं लागलं असतं.

त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि माझे पाइप स्वतः सरकवायला लागला. दोन पाइपांतच दम लागला. मग मी उठलो.

*

प्रल्हाद गेला त्याच्या चौथ्या दिवशी किन्हीराजाचा एक माणूस आला. मुलीचं लग्न दोन दिवसांवर. समोर शटर बंद पाहून माझ्याकडे आला.

या माणसाला काय सांगायचं, हे मी चार दिवस मनात घोकून ठेवलं होतं. आयुष्यभर तोंडाच्या जोरावर धंदा केला. तो समोर उभा राहिला आणि मला एक शब्द सुचेना. नुसतं त्याच्या नावाचं पोतं ओढून पुढे केलं.

त्याला शंका आली. "भाऊ कुठी हायेत?" म्हणत त्यानं समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर पाहून फोन लावला. स्पीकरवर.

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. मागे बायामाणसांचा आवाज येत होता. तो एकदम बंद झाला.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

"भाऊ नाहीत काय?"

"बाहेरगावी गेले. तुमचं सामान समोर ठेवून गेले. गुंडात कळशी हाये, कळशीत लहान भांडी. घरी सगळं काढून पाहा. एखादं कमी निघालं त मले फोन करा, दुसऱ्या कोनाले नाही."

"भाव थोडा कमी..."

"बोलला तो बोलला, दादा. पोरीच्या आंदनात घासाघीस नोका करू. लग्न चांगलं होऊ द्या."

त्यानं फोन खिशात ठेवला, पोतं खांद्यावर घेतलं आणि खूश होऊन मला म्हणाला,

"भाऊ आले की सांगजा शेठ, बाई तुमच्यापक्षा पक्की हाये!"