रुळाच्या तुकड्याची घंटा

वर्धा स्टेशनसमोर रेल्वेच्या एका ठेकेदारांनी दुमजली हॉटेल बांधलं, तेव्हा मी नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्याकडे तोवर हॉटेल म्हणजे चहा-चिवड्याचं दुकान. वर राहायला खोल्या, खाली भोजनगृह आणि न्हाणीघरात नळ, असं लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिले आठ दिवस खेड्यांतली माणसं नुसता जिना चढून-उतरून बघून जात.

ठेकेदारांना आम्ही मालक म्हणायचो. तेव्हा त्यांच्याकडे मोटार होती, नागपुरात बंगला होता. पण त्यांची सुरुवात बैलगाडीतून रेल्वेला गिट्टी पुरवण्यापासून झाली. मग मातीकामाचे ठेके, छोटे पूल, क्वार्टर, कापसाच्या जिनिंग कारखान्यांपर्यंत नेलेले रूळ. हिंगणघाटच्या वाटेवर आपण घातलेला एखादा भराव दिसला, की ते मोटार थांबवायला लावत, रुमालाने चष्मा पुसत आणि म्हणत, "हा आपला. इतके पावसाळे गेले, हालला नाई."

माझे वडील त्यांच्या पहिल्या मातीकामावर मजूर होते. पुढे ते रेल्वेत रूळ सांभाळणारे गँगमन झाले आणि निवृत्तीनंतर वर्ध्याजवळ नालवाडीला येऊन राहिले. त्यांना सही येत नसे. मी मॅट्रिक झालो तेव्हा मालक स्वतः आमच्या घरी आले, खाटेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "याले मी कॉलेजात घालतो. तू मधात बोलू नको." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो असा. हे मी आजही कुणालाही सांगतो.

हॉटेलचा मॅनेजरही त्यांनी मलाच केलं. मात्र अट घातली. "दोन महिने पाहू. भोजनगृह चाललं तं ही खुर्ची तुही. नाई चाललं तं तू मास्तरकी पाह्य, मी इथं सिमेंट ठेवतो."

भोजनगृह काही चालेना. वर्ध्याला गाडी बदलणारे प्रवासी पुष्कळ. पण ते फलाटावरच शिदोरी सोडून बसत. गाडी चुकेल या भीतीने रस्ता ओलांडायला कुणी तयार नसे. मालक रोज दुपारी येऊन रिकाम्या टेबलांमधून फिरत.

"काऊन बे मॅनेजर, तुह्या वरणात मीठ नाई का?"

"वरण चांगलं आहे मालक. लोकच येत नाहीत."

"मंग तूच खाऊन राह्यला वाटते सगळं. गाल वर आले तुहे."

महिना असाच गेला. मला वाटलं, जेवण तयार झाल्याचं लोकांना कळतच नसेल. मालकांच्या कोठारात रुळाचे तुकडे पडले होते. त्यातला हातभर तुकडा मी दारासमोरच्या कडुनिंबाला टांगला आणि बारा वाजता लोखंडी दांड्याने दणादणा वाजवला.

त्या काळी स्टेशनावरही असाच रुळाचा तुकडा असे. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली, की तो वाजवत. गँगमनच्या मुलाला हे आठवायला हवं होतं.

त्या दिवशी कधी नव्हे ते एक मोठं कुटुंब जेवायला बसलं होतं. पहिल्याच ठोक्याला सगळं कुटुंब उठलं. एका मामांनी खरकट्या हाताने ट्रंक उचलली, आजीबाईंनी पोळी पदरात बांधली आणि सगळे स्टेशनाकडे धावले. फलाटावर हमालांनी सामान डोक्यावर घेतलं. थोड्या वेळाने स्टेशनातला एक बाबू लालबुंद होऊन आला. "कोणती गाडी आणली तुम्ही? सव्वा तास आहे अजून!"

ते कुटुंब काही परत आलं नाही. मालकांना बातमी लागली. ते आले तेव्हा वडील कडुनिंबाखाली बसले होते. ते रोज दुपारी मला बघायला येत, पण धुळीचे पाय फरशीवर नकोत म्हणून कधी आत येत नसत. मालक त्यांना म्हणाले, "पाह्य, तुह्या बी. ए.नं काय करून ठेवलं."

मी मान खाली घालून उभा. वडील म्हणाले, "घंटा बराबर हाये मालक. वाजवायची वेळ चुकली. कान टेसनावर ठेवून माणसाले घास गोड लागत नाई. त्यांले म्हणा, तुमी जेवा, गाडी आमी आयकतो."

"आयकणार कोण? हा?"

"याले काय समजते?" वडील हसले. "मी आयकतो ना."

दुसऱ्या दिवसापासून वडील कडुनिंबाखाली स्टुलावर बसू लागले. मी दारावर पाटी लावली: 'निश्चिंत जेवा. गाडीची सूचना येथे मिळेल.' स्टेशनातली घंटा झाली की वडील आपली घंटा वाजवत आणि आत ओरडून सांगत, "बल्लारशाची हाये! भात खाऊन घ्या, टाइम हाये!" उगाच घाई करणाऱ्याला ते दटावून खाली बसवत. पंधरा दिवसांत टेबलं भरू लागली.

दोन महिने पुरे झाले त्या दुपारी मालक आले, तर एकच खुर्ची मोकळी होती. ते दारातूनच फिरले आणि वडिलांच्या हातातून दांडा घेतला. "तू जाय आत. जेवून घे. आज घंटा मी पाह्यतो."

"माहे पाय..."

"फरशी माही हाये. जाय."

वडील आत आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी त्यांना स्वतः वाढलं. दोन घास झाले असतील नसतील, तोच बाहेर घंटा दणाणली आणि मालकांचा आवाज आला, "भुसावळची गाडी!"

एकही प्रवासी उठला नाही. सगळे माझ्या वडिलांकडे बघू लागले. वडिलांनी घास गालात धरून लांबून येणाऱ्या धडधडीकडे कान दिला आणि ते ओरडले, "मालगाडी हाये मालक ते!"

भोजनगृह हसू लागलं. बाहेर मालक सगळ्यांहून मोठ्याने हसत होते. उभी हयात रेल्वेच्या ठेक्यांत काढलेला माणूस! खिडकीतून आत डोकावून ते मला म्हणाले, "मॅनेजर, याले अजून भात वाढ."

या वेळी त्यांच्या 'मॅनेजर' म्हणण्यात टोमणा नव्हता; खुर्ची माझी झाली, हे मला त्यातच कळलं. मी भात वाढला, त्यावर वरण घातलं. वडील आता खुर्चीत नीट मागे सरकून बसले होते.