भावजींची आगगाडी कंपनी

अख्ख्या मिशिगनमध्ये मोटारींचा पगार खाऊन जन्मभर आगगाडीचे गोडवे गाणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. ह्यांचे मित्र, म्हणून माझे भावजी. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, पण कामावर जायचे ते आगगाडीने. आमच्या ट्रॉय गावाच्या बाजूने शहरात जाणारी ती छोटीशी प्रवासी कंपनी कधीच बंद पडली. रूळ गंजले, स्टेशनाच्या जागी आता कुत्र्यांचे केस कापून देतात. भावजींच्या तोंडी मात्र ती अजून वेळेवर सुटते.

कुठलाही विषय काढा, ते तिच्या इतिहासावर आणून सोडणार. बारशाला पाळणा हलला की, "वहिनी, आपली दुपारची गाडी अश्शीच डुलायची." सत्यनारायणाचा शंख वाजून पोथी मिटली की भावजींचा अध्याय सुरू: आधी हायवे आला, मग मालक बदलले, मग हिरव्या सीटा तपकिरी झाल्या. सगळ्या ऱ्हासाचं मूळ त्या तपकिरी रंगात आहे, हे त्यांचं ठाम मत. नातू म्हणायचा, "आजोबा, इट्स ऑल ऑनलाइन." त्यावर ते शांतपणे, "तिसऱ्या डब्यातली डावीकडची खिडकी उघडायची नाही, हे आहे का तुझ्या ऑनलाइनवर?" ते कुठून असणार! मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भावजी कुठल्या टेबलाशी आहेत ते बघून लोक दुसरीकडे बसत. त्यात मीही असे, खोटं कशाला बोलू.

मला तर टाळायला वेगळंच कारण होतं. निवृत्त झाल्यावर भावजी कंपनीचा इतिहास लिहायला बसले आणि त्यात एक प्रकरण माझ्यावर निघालं. अमेरिकेत येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ह्यांनी फोनवर सांगितलं, एकटीने शहरात ये. प्रवास तासाच्या आतला. पण आगगाडीत बसायचं आणि बरोबर काही न्यायचं नाही, हे आमच्या नागपूरकडे कोणी ऐकलंय? ती तेवीस वर्षांची शहाणी पहाटे उठली आणि पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, पाण्याचा तांब्या, अंथरायला चादर असा सरंजाम घेऊन डब्यात शिरली. टाय लावलेल्या साहेबलोकांत चादर पसरून डबा उघडला, आणि एकटीने खाणं वाईट दिसतं म्हणून समोर येईल त्या वर्तमानपत्रावर दोन-दोन पुऱ्या ठेवत गेली. कंडक्टर तिकीट मागायला आला, त्यालाही वाढलं. तिकीट पदराच्या गाठीत, हात तेलाचे, गाठ काही सुटेना. शेवटी त्या बापड्याने गुडघ्यावर बसून ती सोडवली. एका वर्तमानपत्राआड भावजी होते, त्यांनी ओळखच दिली नाही. "वहिनी, माझी नोकरी तेव्हा कच्ची होती," हे त्यांचं समर्थन.

इतिहासात नोंद अशी: 'कंपनीच्या हयातीत गाडीत जेवण एकदाच मिळालं.' माझ्या सहीशिवाय हे छापायचं नाही आणि ह्याच्याशिवाय पुस्तक पुरं म्हणायचं नाही, असा भावजींचा बाणा. लायब्ररी ते ठेवून घ्यायला तयार होती. मीच वर्षानुवर्षं सही देत नव्हते. नातवंडांत माझी थोडी पत आहे.

ह्या हिवाळ्यात भावजींची लेक मोटार चालू ठेवूनच दारात आली. "काकू, प्लीज साइन करून टाका ना. बाबांना आता भिंगातूनही दिसत नाही. आत्ता लायब्ररीला नाही दिलं तर राहूनच जाईल हो." मागून भावजी आले. एका हातात बाड, दुसरा हात भिंतीला.

मी म्हटलं, "करते सही. पण 'पुऱ्या किंचित तेलकट' लिहिलंय, ते काढा."

"इतिहासात फेरफार नाही, वहिनी."

केली सही, काय करणार. लेक मोटारीकडे वळली, पण भावजी खुर्चीत बसले. "शेवटचं पान जरा वाचता? नीट उतरलंय का, मला आता कळत नाही."

मी वाचू लागले. शेवटच्या गाडीत चौघंच होते. कंडक्टरने तिकिटं बघितली नाहीत. प्रत्येक स्टेशनाचं नाव मात्र त्याने पुकारलं, जिथे कोणी उतरणार नव्हतं तिथलंसुद्धा.

मी थांबले. भावजी म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही. इथेच संपतं."

"हं," म्हणाले. उठायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी दार उघडून त्यांच्या लेकीला हाक मारली. म्हटलं, मोटार बंद कर आणि आत ये, आम्ही पहिल्या पानापासून वाचणार आहोत.