सरकवलेल्या कपाटामागची खिडकी

बीडच्या आमच्या कचेरीत साहेब पुष्कळ आले नि गेले, पण कचेरी खऱ्या अर्थानं चालवली ती आमच्या अव्वल कारकून बाईंनी, आणि तीही खुर्च्या सरकवून. माणसाचं दुखणं अंगात नसतं, ते त्याच्या बसायच्या जागेत असतं, अशी त्यांची ठाम समजूत. कुणी कपाळ दाबून बसलं, की बाई आधी त्याच्या डोक्यावरची ट्यूबलाइट बघायच्या. पिण्याच्या पाण्याचा माठ त्यांनी मुद्दाम व्हरांड्याच्या पार टोकाला नेऊन ठेवला होता. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "तहान लागली तर चाला की! देवानं पाय कावून दिलेत?" एक साहेब फार खेकसायचे. ते दौऱ्यावर गेल्यावर बाईंनी त्यांची डुगडुगणारी खुर्चीच बदलली. परत आल्यावर साहेब आठवडाभर कुणावर ओरडले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांच्या मनासारख्या बदलीचा हुकूम आला होता, पण श्रेय खुर्चीचंच, हे बाईंनी आमच्याकडून वदवून घेतलं.

आमच्या शेखभाईंच्या बाबतीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर कॉम्प्युटरवर टायपिंग करून त्यांची मान धरली होती, बोटांना मुंग्या यायच्या. मुलगी अजून कॉलेजात, तरी ते नोकरी सोडायला निघाले. "आता होत न्हाई, बाई," एवढंच म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या आणि सकाळभर त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. शेखभाई अवघडून म्हणाले, "बाई, बसा तरी." बाई बसल्या नाहीत. दुपारी त्यांनी निदान केलं: वरच्या ट्यूबचा उजेड कॉम्प्युटरच्या पडद्यावर चमकतो, तो चुकवायला शेखभाई मान वाकडी करतात, आणि शेजारची खिडकी लोखंडी कपाटानं बुजवलेली. भांडारातले आमचे सहकारी म्हणाले, "कपाट हलवायला वरून परवानगी लागंल." बाईंनी मान वर केली. "वर? वर तर पंखा हाय." मग पदर खोचून त्यांनी कपाटाला खांदा लावला. त्या वयात बाई कपाट ढकलतायत म्हटल्यावर आम्ही बसून कसे राहणार? कपाट करकरत हललं, गंजलेली खिडकी उघडली आणि बाहेर एक लिंबाचं झाड उभं आहे हे आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. बाईंनी ती ट्यूब बंद केली, कॉम्प्युटरचा पडदा खाली विटा लावून उंच केला, टेबल फिरवलं, आणि रोज शेखभाईंना हाताला धरून माठापर्यंत चालवायला लागल्या. डॉक्टरांचं औषध चालूच होतं. दिवाळीच्या आधी एके सकाळी शेखभाई दारातूनच ओरडले, "बाई, आज रिक्षात मागं वळून बघितलं!" बाईंनी डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

नव्या इमारतीत कचेरी गेली तेव्हा बाई निवृत्त होऊन धारूरला राहायला गेल्या होत्या. एकदा आम्हाला भेटायला आल्या. मोठ्या खिडक्या, वरखाली होणाऱ्या खुर्च्या. एका खुर्चीचा दांडा दाबून त्यांनी ती लहान मुलीसारखी चारदा वरखाली केली. "लई चांगलं केलं," म्हणाल्या. तेवढ्यात लोक आले, फोन वाजले, आम्ही कामाला लागलो. जरा वेळानं पाहिलं तर बाई आलेल्या लोकांच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "तुमचं काय काम अडलंय, बाई?"

"काई न्हाई," बाई हसून म्हणाल्या. "सहज आलते."