एंग म्हणजे अरुंद

जगात घाबरण्यासारखं जे जे आहे, त्याला माझा डच रूममेट आधीच घाबरून बसलेला असे. आपण फक्त त्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. उंची दोन मीटर, पण कबुतर दिसलं की गडी रस्ता ओलांडायचा. लिफ्टला भ्यायचा आणि जिन्यालाही. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या त्या घरात आम्ही इंग्रजीत बोलत असू, घाबरायचा मात्र तो मातृभाषेत, आणि शब्द एकच : "एंग!" मी नुकताच जर्मनची पहिली परीक्षा पास झालेला. जर्मनमध्ये एंग म्हणजे अरुंद. डच काय, जर्मन काय, सख्ख्या बहिणी, विचारायचं कशाला?

कपडे धुवायच्या तळघराच्या दारात तो थबकून म्हणाला, "एंग." मी एका रविवारी तिथली सगळी फडताळं ओढून भिंतीला लावली. जर्मनीत, शांतता पाळायच्या रविवारी, एवढा आवाज! घरमालकीणबाई ओरडत आल्या, त्या दारात मावेनात. हा माझ्यामागे दडून पुटपुटला, "फार एंग बाई आहे." मी बाईंकडे नीट पाहिलं आणि याला चष्मा हवा, असं ठरवलं.

मग त्याचं डोकं दुखू लागलं. महिना झाला तरी थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. डोक्यात काही वाढलंय का, ते बघायचं होतं. त्या यंत्राच्या बोगद्यासमोर तो पांढराफटक पडून म्हणाला, "एंग." मी लगेच सिस्टरला माझं जर्मन ऐकवलं, "याला अरुंद होतंय. मोठ्या साइजचं नाही का तुमच्याकडे?"

"गाढवा," तो म्हणाला, "एंग म्हणजे भीतीदायक. अरुंद कोण म्हणतंय?"

म्हणजे दोन वर्षं मी याच्या भीतीला फडताळं सरकवून जागा करून देत होतो!

"एवढं काय घाबरायचं यंत्राला?"

"यंत्राला नाही रे. त्यात जे दिसेल, त्याला."

मी सिस्टरला पुन्हा माझं जर्मन ऐकवलं, या वेळी आत थांबू देण्यासाठी. सिस्टरनं मला आत थांबू दिलं. धातू नको म्हणून पट्टा काढून ठेवला होता. एका हातात माझी पँट, दुसऱ्यात बोगद्याबाहेर आलेला त्याचा घोटा. यंत्र ठकठक करत होतं. घोटा मी शेवटपर्यंत सोडला नाही.

डोक्यात काही निघालं नाही. पुढे तो त्याच्या देशात गेला, मी पुण्यात.

परवा माझ्याच तपासणीला तसल्याच बोगद्यात जाताना नर्सनं विचारलं, "काका, भीती वाटतेय का?"

"छे हो," मी म्हणालो, "जरा अरुंद आहे, एवढंच."

आणि मग कितीतरी वेळ मला माझा मोकळा घोटा जाणवत राहिला.