शिळ्या शाईचा डोंगर

चीनमधल्या सूचौच्या हातपंखे रंगवायच्या कारखान्यात यूचू चित्रांतले खडक काढायची. झाडं दुसरी बाई काढी, पाणी तिसरी. पंख्यांवर आणि भिंतीवरच्या पटांवर डोंगर एकाच घडणीचे, कारण नमुना एकच, जुन्या गुरुजींनी घालून दिलेला: कमरेला धुकं आणि धुक्यातून वर निघालेलं शिखर. लग्न होऊन आली तेव्हापासून यूचूचा हात त्याच वळणाने चालत आला होता.

तिचा नवरा गावामागच्या डोंगरावर दगड फोडायला जायचा. एका पावसाळ्यात दरड सुटली, तो आणि त्याच्या टोळीतली माणसं खाली गाडली गेली. खाण आठवड्याभरात पुन्हा सुरू झाली. त्याविषयी कुणी बोलत नसे. यूचू पौर्णिमेला क्वानयिन देवीपुढे उदबत्ती लावी. मागत काहीच नसे.

यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येकाने स्वतःचं एक चित्र द्यावं असं ठरलं. यूचूने गावामागचा तो डोंगर काढला, खाणीने अर्धा कापलेला. कापलेल्या अंगाला तिने ब्रश लावलाच नाही, कागद पांढरा ठेवला. उरलेल्या अर्ध्यासाठी ताजी शाई तिला फारच तुळतुळीत वाटली, म्हणून रात्रभर वाटीत राहिलेली शिळी शाई घेतली. ती दगडाच्या भुकटीसारखी खरबरीत उमटली.

कारखान्याचे व्यवस्थापक थाओ चित्रापुढे येऊन उभे राहिले.

"यूचूताई, हे पांढरं काय?"

"खाण आहे, साहेब. तिथेच आमचे हे गेले."

"उद्या वरची माणसं येणार आहेत. त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"हेच सांगा."

"गुरुजींच्या धुक्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?" थाओ पुटपुटले. "सकाळपर्यंत पट तयार झाला तर लावू. नाहीतर राहू दे."

चित्रांना मागून कागद चिकटवून त्यांचे पट करणारा कंग म्हातारा चित्र बघून म्हणाला, "शिळी शाई आहे ही. वाफ देऊन महिनाभर मुरवायला हवी. आत्ता पाणी लागलं तर पसरेल."

"वाफ तेवढी द्या, कंगदादा. थांबायला वेळ नाही."

"एवढी कसली घाई तुला?"

"त्या माणसांचं नाव इतक्या वर्षांत कुणी घेतलं नाही. उद्या निदान कुणी विचारील तरी."

कंगने वाफ दिली, चित्र पालथं घातलं, पाणी शिंपडलं, खळ लावून मागचा कागद चिकटवला. सुलटं करून पाहिलं तर शाई पांढऱ्यात उतरली होती. खाणीची जागा करड्या धुक्याने भरून गेली होती.

"सांगितलं होतं मी," कंग हळूच म्हणाला.

"तुमचा दोष नाही. घाई मीच केली."

सकाळी तिने थाओंना चित्र लावू नका म्हणून विनवलं.

"अहो, आत्ता कुठे ते चित्र झालंय," थाओ खुशीत म्हणाले. "गुरुजींचंच धुकं उतरलंय."

"साहेब, हा तो डोंगर नाही."

"कागद कारखान्याचा, शाई कारखान्याची. भिंतीवर जागा राखून ठेवलीय."

यूचूने चित्रावर आपल्या नावाचा शिक्का मारला नाही. थाओंनी कारखान्याचा मारला.

पाहुण्यांपैकी एक साहेब चित्रापाशी थांबले. "हा कुठला डोंगर?"

थाओंनी तोंड उघडण्याआधी यूचू पुढे झाली. "आमच्या गावचा. अर्धा खाणीने खाल्लाय, साहेब. खाली माणसं गाडलीयत."

साहेबांनी चष्मा सावरून चित्र न्याहाळलं. मग तिच्याकडे बघून समजुतीने हसले.

"पण बाई, डोंगर तर अख्खा आहे."

यूचूने वर पाहिलं. डोंगर अख्खाच दिसत होता.